नेतृत्वाचा नारळ

रावजीचं डोकं लोणावळ्याला फिरलं, असं त्याची बायको विमला सगळ्यांना सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं. मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंगचा सुपरवायझर होता बाबा, पगार चांगला, वर दिवाळीचा बोनस. कंपनीने त्याला लोणावळ्याला नेतृत्वाच्या शिबिराला धाडलं. तिथे एका टायवाल्या गुरुजीने सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, एकमेकांचे हात धरून बागेतून फिरवलं आणि शेवटी विचारलं, काय शिकलात? बाकीचे जेवायला पळाले. रावजी रडला. मुंबईत उतरला तो राजीनामा देऊनच थांबला, आणि रत्नागिरीत मांडवीला घरी येऊन म्हणाला, आता मी माणसं घडवणार.

घडव बाबा, पण खाणार काय? अशा धंद्याला रत्नागिरीत तेव्हा नावसुद्धा नव्हतं. कोणी त्याला कीर्तनकार समजे, कोणी विमा एजंट. विमला मुकाट साळवीशेठच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जाऊ लागली. तिच्या भावाने रावजीच्या जुन्या साहेबाचे पाय धरले, तेव्हा साहेब म्हणाला, येत्या सोमवारी हजर झाला तर परत घेतो. तेवढ्यात साळवीशेठना दया आली. आमची माणसं तोंडच उघडत नाहीत, म्हणाले, माल सडला तरी सांगत नाहीत. या रविवारी त्यांना बोलती करून दाखवा, दर महिन्याला काम देतो. म्हणजे रविवारी जमलं तर रत्नागिरी, नाहीतर सोमवारी मुंबई.

शेडमध्ये वासाने बसवेना म्हणून सगळ्यांना देवळाच्या मंडपात बसवलं. शेठ म्हणाले, आधी नारळ फोडा. तिथेच घोटाळा झाला. रावजीने नारळ फोडला, देवासमोरच उभा राहून हात जोडले आणि घसा खाकरून सुरू झाला, आज आपण सगळे लहानथोर इथे जमलो आहोत. आता कोकणात नारळ फोडून कोणी असं बोलू लागलं की ते देवाला घातलेलं गाऱ्हाणं, आणि गाऱ्हाण्याला उत्तर एकच.

"व्हय म्हाराजा!" अख्खा मंडप ओरडला.

रावजी मोहरला. मुंबईत राहून गाऱ्हाणं विसरला होता मेला. प्रत्येकाने पुढाकार घ्यायचा, म्हणाला. व्हय म्हाराजा. चूक दिसली की बोलायचं. व्हय म्हाराजा. कोणाला शंका आहे का? व्हय म्हाराजा. पण शंका काही कोणी विचारीना. तेव्हा कुठे त्याला गाऱ्हाणं आठवलं. अरे, एकदा तरी नाही म्हणा, अशी गयावया केली, त्यालाही तेच. पुढे बसलेल्या ठमाबाईने तर डोळे मिटून अंगाऱ्यासाठी हात पुढे केला. शेठ कपाळाला हात लावून बसले.

मुंबईची गाडी डोळ्यांपुढे दिसू लागली तसा रावजी जिवावर उदार झाला. निर्णय घेण्याआधी सोबतच्या माणसांना विचारावं, म्हणाला. माझंच बघा. मी नोकरी सोडली, चांगलंच केलं ना?

"व्हय म्हाराजा!"

"नाय."

मागच्या खांबाकडून आलं ते. विमला उभी होती.

"सोडताना मला इचारलंत?"

रावजीला भयंकर लाज वाटली. याचं उत्तर टायवाल्याने शिकवलं नव्हतं.

"नाही विचारलं," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

देवासमोर उभा राहून चुकलं म्हणणारा पुढारी त्या लोकांनी जन्मात पाहिला नव्हता. ठमाबाईने डोळे उघडले आणि म्हणाली, मग शेठचंपण चुकतंय, बर्फ रोज उशिरा येतो. दुसरीने सुऱ्या बोथट असल्याचं काढलं, तिसऱ्याने वजनाचा काटा खोटा असल्याचं. बघता बघता देवळाचा मासळी बाजार झाला. शेठ आधी लाल झाले, मग बर्फवाल्याला शिव्या घालू लागले, आणि जाताना रावजीला म्हणाले, पुढच्या महिन्यात या, पण तो नारळ नको.

माणसं पांगल्यावर रावजी खांबापाशी गेला. विमला पदराने तोंड पुशीत होती.

"आता विचारतो," तो म्हणाला. "राहू की जाऊ?"

"ऱ्हावा," ती म्हणाली. "तवा इचारलं असतंत, तरी ह्येच बोलले असते."