भात्यावरची रेघ

सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तान्ह्या बाळाला नवऱ्याच्या हवाली करून ती चर्चच्या ऑर्गनसमोर बसली.

चर्चच्या सभासद मंडळीनं नुकतंच हात वर करून ठरवलं होतं: तिच्या धाकट्या भावाचं त्याच्या मित्राशी लग्न याच चर्चमध्ये लागेल. बाजूनं बेचाळीस, विरोधात अडतीस. अडतिसांतला पहिला हात सुतारकाकांचा, तिच्या सख्ख्या काकांचा. आणि पडद्यामागे बसून ऑर्गनला हवा पुरवणारा भाता गेली वीस वर्षं तेच मारत आले होते. ते उठून गेले की निम्मी मंडळी त्यांच्यामागे जाणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

पाळकांनी शेवटचं गीत सांगितलं. तिनं पट्ट्या दाबल्या. आवाज नाही. भात्यात हवाच नव्हती.

बाकांवर चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी पिशवी उचलली. तिनं पट्ट्या पुन्हा दाबल्या.

तेवढ्यात पडद्यामागे भात्याचा दांडा कुरकुरला आणि ऑर्गन असा गरजला, की बाळ आधी दचकलं, मग खिदळलं. सगळे उभे राहिले. अडतीस कोणते नि बेचाळीस कोणते, गाताना काही कळेना.

गीत संपताच ती मागे धावली.

"काका, जीव टांगणीला लागला माझा. कुठं होतात?"

"मागच्या दारापर्यंत गेलो होतो."

"मग?"

"मग गीत कोणतं ते ऐकलं. त्याच्या चौथ्या कडव्याला भाता मारणं माझ्याशिवाय कुणाच्या बापाला जमत नाही." काकांनी मान पुसली. "माझं मत तेच आहे, पोरी. त्या लग्नात मी भाता मारणार नाही."

"नका मारू. मंडळीत राहा, एवढं पुरे."

"राहतोय की. पण मारणार कोण? तुझा नवरा? त्याला टाळ्यासुद्धा तालात वाजवता येत नाहीत."

"ऐकतोय मी," पडद्याबाहेरून नवरा म्हणाला.

"मग आत ये."

काकांनी कानावरची पेन्सिल काढून भात्याशेजारच्या फळीवर जाड रेघ ओढली. "भाता हिच्याखाली जाऊ द्यायचा नाही. गेला की ऑर्गन धापा टाकतो. पोराच्या लग्नात तेवढं व्हायला नको."

तिनं बाळ घेतलं. काकांनी जावयाचे हात दांड्यावर ठेवले, वर आपले ठेवले.

"चल. एक."

बाळाला कडेवर घेऊन ती पट्ट्यांकडे पळाली.