नळाला टांगलेली पुरचुंडी

मला लाज वाटते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मी बोलायला लागले की माझीच बाजू खरी वाटायला लागते, समोरच्याला आणि मलाही. जीभच तशी आहे माझी.

मी निर्मला. वय एकसष्ट. आमचे हे, रवींद्र, पुण्याहून कारखान्याच्या नोकरीवर भोपाळला आले आणि इथलेच झाले. साकेत नगरच्या या घरात आम्हाला चौतीस वर्षं झाली. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांत मुंज असो, बारसं असो, श्रीखंड माझ्याकडूनच जायचं. विकतच्या चक्क्याला मी कधी हात लावला नाही. घरचं दही, स्वच्छ धुतलेला पंचा आणि स्वयंपाकघरातल्या नळाला रात्रभर टांगलेली पुरचुंडी. अक्षय, माझा मुलगा, लहानपणी त्याला 'चक्क्याचा नळ' म्हणायचा.

गेल्या वर्षी अक्षयचं लग्न झालं. सून जुई, इंदूरची मराठी. तिथल्या एका हॉटेलात ती स्वयंपाकाच्या विभागात होती, आणि लग्नासाठी ती नोकरी सोडून आली. भोपाळात मनासारखं काम मिळेना. अक्षय महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर. पोरगी घरात नुसती बसून कंटाळली, तरी तोंड पाडून कधी बसली नाही, हे मला कबूल करायला हवं. शेवटी तिनं ठरवलं, पार्ट्यांसाठी स्टार्टर करून द्यायचे. अरेरा कॉलनीतल्या विनिताजी लग्नं-साखरपुड्यांची व्यवस्था बघतात. त्या म्हणाल्या, रविवारी चार वाजता घरी येते, एक पदार्थ चाखवा, आवडला तर साठ माणसांच्या साखरपुड्याचं काम तुमचं. पहिलंच काम. जुई आठ दिवस दुसरं काही बोलत नव्हती.

पदार्थ असा. जामच्या फोडी मध आणि मिरपूड लावून ओव्हनमध्ये भाजायच्या. जाम म्हणजे आपला पेरू, इथं सगळे जामच म्हणतात. कडा जरा करपेपर्यंत भाजायच्या. मग पावाचा एवढासा कुरकुरीत तुकडा, त्यावर घरी केलेलं ताजं चीज, त्यावर ती गरम फोड आणि वर पुदिन्याचं एक पान. चीज म्हणजे तरी काय, दूध लिंबानं फाडायचं, मीठ घालायचं आणि पंच्यात बांधून टांगायचं.

"एवढ्याशा पावावर एवढीशी फोड," मी म्हटलं. "माणसानं खायची की तिला ओवाळायचं?"

जुई खळखळून हसली. "आई, आधी खाऊन तर बघा."

खाल्लं. चांगलं होतं हो. मेलं फार चांगलं होतं. आतून गोड, वरून तिखट, आणि ते चीज जिभेवर नुसतं विरघळत होतं. मी म्हटलं, "ठीक आहे."

शनिवारी मी तिला आपणहून म्हणाले, "उद्या मी श्रीखंडही करते. विनिताजींना देऊ वाटीभर."

"नको आई," ती म्हणाली. "उद्या एकच गोष्ट खिलवायची आहे त्यांना. उद्याच्या दिवस किचन माझ्यावर सोडा ना."

गोडच बोलली. पण नंतर मी गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि ती आत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "मम्मी तो श्रीखंड लेके बैठी थीं यार, बड़ी मुश्किल से टाला है।" आणि हसली. त्यात वाईट काही नव्हतं. मीही माझ्या सासूबाईंबद्दल याहून दहापट बोललेय. पण त्या क्षणी माझ्या अंगाची लाही लाही झाली. चौतीस वर्षं जे लोकांनी बोटं चाटून खाल्लं, ते हिला टाळावं लागतंय!

रविवारी सकाळी उठून ओट्यापाशी गेले, तर माझ्या नळाला, माझ्याच पंच्यात, तिची पुरचुंडी टांगलेली. त्याला कपड्यांच्या चिमट्यानं एक चिठ्ठी अडकवलेली. मी गळ्यातला चष्मा नाकावर चढवला आणि वाचली. "आई, हे चीज आहे, चक्का नाही. हात नका लावू हं, प्लीज. जुई." खाली एक हसरं तोंडही काढलं होतं.

नीट ऐका. मी ती वाचली. सगळी वाचली.

दुपारी दीड वाजता जुई बिट्टन मार्केटला ताजे जाम आणायला गेली. हे पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. मी पुरचुंडी सोडली. बोट लावल्याबरोबर हाताला कळलं की हा चक्का नाही. चक्का चिकट लागतो, हे मऊ आणि रवाळ होतं. चाखलं तर मिठाची चव. मी साखरेचा डबा काढला. पुरणयंत्राला ते सगळं चीज लावलं, वाटीवर वाटी साखर घातली, वेलची घातली, जायफळ उगाळलं, केशरसुद्धा घातलं दुधात खलून. मनात एवढंच होतं, बघू आता काय खिलवतेस. चिठ्ठी भिजवून कचऱ्यात टाकली असती तर एकवेळ तेही समजलं असतं. मी ती ओट्यावर तशीच ठेवली, चिमट्यासकट, म्हणजे न दिसल्यासारखी वाटावी.

जुई आली. रिकामा पंचा बघितला, पातेलं बघितलं. हातातली जामची पिशवी तिनं खालीसुद्धा ठेवली नाही.

"आई... हे?"

"श्रीखंड केलं गं," मी म्हटलं. "चक्का तयार होता ना."

"आई, ते चीज होतं."

"अगबाई!" मी म्हटलं. आणि कपाळाला हात लावला. काय सांगू, इतका चांगला लावला की मलाच पटला.

हे उठून आले. पातेल्याकडे बघून म्हणाले, "अगं, चिठ्ठी आहे की इथं! दिसली नाही तुला?"

"नाही हो," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, जुई चिडेल, भांडेल. मग मलाही भांडता आलं असतं, आणि भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण तिनं चिठ्ठी उचलली, पुन्हा पुन्हा बघितली आणि म्हणाली, "माझंच चुकलं. मी अक्षर लहान काढलं." मग बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

पुन्हा दूध आणून, फाडून, टांगायला वेळ नव्हता. तिनं दुकानातून पनीर आणलं, किसलं, मलईत घोटलं. चार वाजता विनिताजी आल्या, स्वभावानं बऱ्या वाटल्या. त्यांनी फोड खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "फल तो कमाल है. बस, नीचे वाला पनीर थोड़ा सूखा लग रहा है. सोचकर बताती हूँ." जुईनं त्यांना सांगितलं नाही की घरात काय झालं. मी दाराआड उभी होते, आणि तिथंच पहिल्यांदा मला वाटलं, हे मी काय करून बसले.

दोन दिवसांनी निरोप आला, ते काम दुसऱ्या कुणाला दिलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. उलट घरात वेगळंच सुरू झालं. हे मला विचारू लागले, "गॅस बंद केलास ना गं? नक्की?" अक्षयनं दौऱ्यावरून फोन करून सांगितलं, "आई, आता दगदग करू नकोस, वय झालं." वय झालं म्हणे! माझं! आणि मला गप्प ऐकावं लागलं, कारण दुसरं काय म्हणणार? माझं वय नाही झालं रे, मी मुद्दाम केलं?

जुईनं तर कहर केला. एका दुपारी तिनं सगळ्या डब्यांवर जाड काळ्या पेनानं नावं लिहून चिकटवली. मीठ. साखर. सोडा. वीतभर अक्षरं. माझ्याच हातानं लावलेले डबे. मीठ काढायला गेले की ती अक्षरं अंगावर यायची. मी डोळे बंद करूनही सांगू शकले असते कुठला डबा कुठला आहे.

"आई, मी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय," ती एक दिवस म्हणाली. "मोतीबिंदू असेल तर लवकर कळलेला बरा."

"कशाला गं उगाच?"

"उगाच कसं? मला भीती वाटते हो. उद्या उकळतं काही अंगावर पडलं तर?"

मी नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हणायला कारण लागतं, आणि माझ्यापाशी एकच कारण होतं.

सकाळी नऊची वेळ होती. दवाखाना घरापासून जवळच, पहिल्या मजल्यावर. जिन्याला सात पायऱ्या, मग वळण, मग पुन्हा सात. जुईनं प्रत्येक पायरीला माझा दंड धरला. "जपून, आई. इथं वळण आहे." मी मुकाट्यानं चढले. रिक्षात बसल्यापासून मी ठरवलं होतं की तक्त्यावरची मधली ओळ आली की अडखळायचं. एक नवा चष्मा मिळेल, प्रकरण मिटेल. एवढी खोटी वागले, आणखी थोडी.

आत एक मुलगी होती तपासायला. तिनं हातात हिंदी अक्षरांचा कागद दिला. वर मोठी वाक्यं, खाली लहान होत होत गेलेली. मी तीन ओळी वाचल्या. चौथीला थांबले.

"धुंधला है," मी म्हटलं.

तिनं एक भिंग घातलं, मग दुसरं. "अब?"

"नहीं."

जुई मागं स्टुलावर माझी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "घाबरू नका, आई. आजकाल ऑपरेशनचं काहीच वाटत नाही." तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती हळू बोलत होती, पण खोली लहान होती.

"जी विनिताजी... दूसरा काम? आज? चार बजे?... नहीं मैम, आज नहीं हो पाएगा. मम्मी की आँखें दिखाने आई हूँ. ...जी, मैं समझती हूँ. किसी और को दे दीजिए, कोई बात नहीं."

आणि फोन पर्समध्ये ठेवला. माझ्या पर्समध्ये. खांद्यावर तिचा हात आला, थोपटल्यासारखा.

त्या हाताखाली मला बसवेना. त्या मुलीनं नाकावर बसवलेली जड चौकट मी काढून टाकली. गळ्यातला माझा जुना चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. चौथी ओळ वाचली. पाचवी वाचली. सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची, ती मोठ्यानं वाचली. खिडकीजवळ लाल खुर्ची ठेवली आहे, असलं काहीतरी होतं. एकही शब्द चुकला नाही.

"आपका नंबर तो बिल्कुल ठीक है, आंटी," ती मुलगी म्हणाली. तिला काही कळेना.

मी मागं वळले. "जुई, मला दिसतं. त्या दिवशीही दिसलं होतं. चिठ्ठी मी वाचली होती. हात लावल्याबरोबर मला कळलं होतं की ते चीज आहे, आणि तरी मी साखर घातली." मी कागद खाली ठेवला. "तुझं अक्षर लहान नव्हतं गं."

ती रडली नाही, ओरडली नाही. नुसता चेहऱ्यावरचा काळजीचा भाव गेला, आणि त्या जागी दुसरं काहीच आलं नाही. तिनं माझी पर्स उघडली, आपला फोन काढून घेतला आणि पर्स माझ्या मांडीवर ठेवली.

"विनिताजी, मैं जुई," ती फोनवर म्हणाली. "चार बजे आ जाइए. हाँ, मम्मी की आँखें ठीक हैं."

मग मला म्हणाली, "तुम्ही रिक्षानं घरी जा, आई. मला दूध घ्यायचंय."

ती पुढं निघाली. मी पर्स घेऊन तिच्या मागून जिन्यापर्यंत आले. चढताना तिनं दंड धरला होता. आता ती भरभर खाली उतरून गेली, वळणावरही थांबली नाही. मी कठडा धरून एकेक पायरी उतरले. सातच्या सात, आणि वळणानंतरच्या सात, मला सगळ्या स्वच्छ दिसत होत्या.