अस्सलबरहुकूम

कलेत अस्सलपणाला पर्याय नसतो, असं डॉक्टर दर गुरुवारी तालमीच्या सुरुवातीला सांगत. त्यानंतर, वेटिंग रूममधल्या खुर्च्या भिंतीला लावा, असं सांगत. डॉक्टर दातांचे होते. शंभर वर्षांपूर्वीचं जॅझ जसंच्या तसं वाजवून लोकांना नाचवणारा त्यांचा अकरा जणांचा वाद्यवृंद हिरड्यांच्या रोगांचे तक्ते लावलेल्या त्या खोलीत तालीम करी. ट्रॉम्बोनची नळी पूर्ण बाहेर आली की तिचं टोक काउंटरवरच्या प्लास्टरच्या जबड्यात जाई.

"थांबा, थांबा," डॉक्टर म्हणाले. "शेवटचा तो वरचा सूर. आला नाही."

"येईल," ट्रम्पेटवाला म्हणाला.

"रविवारी कार्यक्रमात येईल?"

"रविवारी येईल."

त्याने रुमाल ओठाला लावला, बघितला आणि डाग आत जाईल अशी घडी घालून खिशात ठेवला. हे फक्त कोपऱ्यात बसलेल्या नकलनविसाने पाहिलं. घडी सरावाची होती.

नकलनवीस नोंदणी कचेरीच्या नक्कल विभागात एकतीस वर्षं काढून निवृत्त झाला होता. लोकांच्या दस्तांच्या नकला करायच्या आणि खाली 'अस्सलबरहुकूम' असा शिक्का मारायचा. म्हणजे नक्कल मुळाप्रमाणे तंतोतंत आहे, आमची जबाबदारी संपली. एका दस्तात 'सदर इसम मयत असून समक्ष हजर आहे' असं लिहिलेलं होतं, तेही त्याने तसंच उतरवून दिलं होतं. आता तो घरी बसून लाखेच्या जुन्या तबकड्या ऐके आणि प्रत्येक वाद्याचे सूर वाद्यवृंदासाठी कागदावर उतरवून काढी. जुना शिक्का त्याने येताना घरी आणला होता. तो या कागदांवरही मारी.

जवळपास सगळी गाणी पेटीच्या हिशेबात काळी एक नाहीतर काळी तीनमध्ये निघाली. या पट्ट्या ट्रम्पेटवर म्हणजे बोटांना पीळ आणि ओठांना फास. डॉक्टरांनी त्यावर सिद्धांतच मांडला होता. "त्या लोकांनी सोपी पट्टी नाकारली!" प्रत्येक कार्यक्रमाआधी ते म्हणत आणि लोक टाळ्या वाजवत. टाळ्या वाजवणाऱ्यांना पट्टी म्हणजे फक्त जखमेवरची माहीत होती.

ट्रम्पेटवाला नकलनविसाचा साडू होता. दिवसा टायरच्या दुकानात हवा भरायचा, संध्याकाळी पितळेत फुंकायचा.

रात्रीचं जेवण वाढता वाढता बायको म्हणाली, "ताईचा फोन होता. भावोजींना डॉक्टरनं काय सांगितलंय माहितीये?"

"दात उत्तम आहेत म्हणाले ते."

"त्यांचं नका सांगू, ते मेल्यावरही दातच बघतील. खऱ्या डॉक्टरनं सांगितलंय. ओठातला स्नायू फाटत आलाय. अजून एकदा तसं ताणलं ना, तर जन्मात साधी शिट्टी वाजायची नाही."

"मग नाही वाजवणार ते."

"कोण, भावोजी? आणि तो सूर लिहिलाय कुणी? तुम्हीच ना?"

"मी नाही लिहिला. तबकडीत आहे."

"मग तबकडीला सांगा जरा खाली यायला."

शुक्रवारी सकाळी तबकडी खाली आली.

झालं असं, की तबकड्या वाजवायच्या यंत्राचा रबरी पट्टा तुटला. नकलनविसाने नवा पट्टा आणला, यंत्र उलटं केलं आणि मोटरच्या पितळी कप्पीवर त्याला काळी चिकटपट्टी दिसली. दोन वेढे. अकरा वर्षांपूर्वी, यंत्र आणलं त्याच आठवड्यात, पट्टा घसरतो म्हणून त्याने स्वतःच गुंडाळली होती, तात्पुरती. आता नवा पट्टा घट्ट बसत होता, म्हणून त्याने ती सोलून काढली आणि सहज रविवारच्या त्या गाण्याचीच तबकडी लावली.

गाणं अर्धी पट्टी खाली वाजलं. पांढरी चार. थोडं सावकाश, चांगल्या झोपेतून उठल्यासारखं. शेवटचा तो सूर आला आणि त्यात कसलंच शौर्य नव्हतं. वाजवणारा मजेत होता.

नकलनविसाने तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, घड्याळ समोर ठेवलं आणि मिनिटाचे फेरे मोजले. अठ्ठ्याहत्तर, म्हणजे या तबकड्यांचा ठरलेला वेग, बरोबर. मग त्याने टेबलाच्या खणातून काळी चिकटपट्टी काढली, कप्पीवर दोन वेढे दिले आणि पुन्हा मोजले. ब्याऐंशी, आणि वर थोडं. जाड कप्पीने तबकडी अकरा वर्षं पळवली होती, आणि पळवली की सूरही चढतो. चाळीस गाणी, अकरा वाद्यं, प्रत्येक कागदाखाली शिक्का. सगळे कागद मयत असून समक्ष हजर होते.

शनिवारी तो टायरच्या दुकानात गेला. साडू एका ट्रकच्या चाकाशी उकिडवा बसला होता. खालचा ओठ सुजून काळपट पडला होता.

"साडूभाऊ, तो सूर तिथे नाहीचे."

"कोणता?"

"तुमचा." आणि त्याने पट्टा, कप्पी, चिकटपट्टी सगळं सांगितलं. मध्ये दोनदा हवेचा पंप सुरू झाला, तेव्हा तो थांबला आणि मागच्या वाक्यापासून पुन्हा सांगू लागला. साडूची नजर हवेच्या काट्यावर होती.

"म्हणजे तो मूळचा माणूस अर्धी पट्टी खाली वाजवत होता."

"हो."

"आरामात."

"आरामातच म्हणायचं."

"आणि मी जे वाजवतोय, ते त्यानंही नव्हतं वाजवलं."

"नव्हतं."

"म्हणजे कुणीच नव्हतं वाजवलं."

बोलणं आपल्याला हवं तिकडे चाललेलं नाही, हे नकलनविसाच्या लक्षात आलं. तो घाईने म्हणाला, "मी आज डॉक्टरांना सांगतो. रात्रभर बसून तेवढं एक गाणं खाली उतरवून देतो. चूक माझी आहे, मी कबूल करतो."

"सांगून तर बघा," साडू म्हणाला. "आमच्या घरात परत पाऊल टाकू देणार नाही."

"अहो, पण ओठ..."

"ओठ माझा आहे. तुमची नक्कल नाही." त्याने नळी काढली, चाकाने फुस्स केलं. "त्या पट्टीत वाजवणारा मी एकटा, नकलनवीस. माझ्याकडे दुसरं काय आहे? हवा?"

नकलनविसाला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची त्याला लाज वाटली. पण आधी हायसं वाटलं.

रविवारी चार वाजता सभागृहात सत्तर-ऐंशी माणसं होती, बहुतेक साठीच्या पुढची, नाचायचे बूट घालून आलेली. डॉक्टर सोप्या पट्टीबद्दल बोलले. टाळ्या झाल्या. नकलनवीस बाजूच्या दारापाशी उभा होता. गाणं सुरू झालं तसं त्याला जाणवलं, की आपण मनात फेरे मोजतो आहोत. आपण आता ओरडून थांबवू शकतो, हे त्याला तीनदा सुचलं. तिन्ही वेळा त्याने मोजणं चालू ठेवलं.

सूर आला. लख्ख आला. लिहिला होता त्याहून दोन मात्रा जास्त राहिला. साडूचे डोळे मिटलेले होते आणि हनुवटीवर एक बारीक लाल रेघ उतरत होती.

पुढच्या ओळीत ट्रम्पेटमधून नुसती हवा आली. क्लॅरिनेटवाल्याने ओळ उचलली. नाचणारे नाचत राहिले.

दोन महिन्यांनी नवीन ट्रम्पेटवाली आली. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "हे एवढं वर कशाला? अर्धी पट्टी खाली घ्या की."

डॉक्टर म्हणाले, "घेऊ."

नकलनविसाने चाळीसही गाणी पुन्हा लिहिली. गतीचा आकडाही प्रत्येकावर थोडा कमी केला; कुणी का म्हणून विचारलं नाही. शिक्का मारण्याजोगे कागद आयुष्यात पहिल्यांदाच झाले होते. त्याने मारला नाही.

पुढच्या कार्यक्रमाला साडू आला आणि शेवटच्या रांगेत बसला. त्या सुराची जागा आली तेव्हा त्याने ओठांचा चंबू केला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग रुमालाने ओठ पुसून घेतले. रुमाल स्वच्छ होता.

कार्यक्रमानंतर एक आजी डॉक्टरांकडे आल्या आणि विचारू लागल्या, सभागृहात नवा पंखा बसवलाय का, आज अजिबात दम लागला नाही.

पंखा जुनाच होता.