वर्धापनदिनाचे वाचन

"सर, पाणी-मोर्चाचा परिच्छेद तेवढा गाळा," जनजागर मंडळाचा नवा अध्यक्ष सौमित्र व्यासपीठामागे हळूच म्हणाला. "ज्यांच्याविरुद्ध मोर्चा काढला, तेच आज प्रमुख पाहुणे आहेत. मुलांच्या अभ्यासिकेची जागा त्यांच्याच शब्दावर अडलीय."

"पण त्या मोर्चात तुरुंगात गेलेले हिंदुराव समोरच बसले आहेत," यज्ञेश्वर म्हणाले.

"त्यांना आता ऐकू कुठं येतं?"

यज्ञेश्वर संस्कृतचे निवृत्त अध्यापक. विश्रांतवाडीतील या मंडळाचा इतिहास प्रतिवर्षी सभेपुढे वाचण्याचा मान त्यांचा. मंडळाच्या आंदोलनात जो तुरुंगात गेला, त्याचे नाव उच्चारले जाताच त्याने उभे राहावे आणि सभेने टाळ्यांनी त्याचा गौरव करावा, असा येथील रिवाज होता. उभे राहणाऱ्यांपैकी आता एकटे हिंदुराव उरले होते.

वाचन सुरू झाले. स्थापना, वाचनालय, दुष्काळातील धान्यवाटप. मोर्चाच्या परिच्छेदाशी येताच यज्ञेश्वरांनी एकवार सौमित्रकडे पाहिले. "तदनंतर मंडळाने अनेक लोकोपयोगी उपक्रम हाती घेतले," असे म्हणून त्यांनी पान उलटले.

मान वर केली, तो पहिल्या रांगेत हिंदुराव उभे होते. शब्द कानी पडत नसले तरी आपले नाव केव्हा येते, हे त्यांना इतक्या वर्षांच्या सवयीने उमगत असे. टोपी हातात, नजर संकोचाने खाली. एकही टाळी वाजली नाही.

"यांना काही बोलायचंय का?" पाहुण्यांनी विचारले.

"छे हो, पाय मोकळे करतायत," सौमित्र म्हणाला.

"बसा आजोबा, चहाला वेळ आहे अजून," मागून कुणी म्हटले. सभा हसली.

हिंदुरावांनी भोवतालचे हसरे चेहरे पाहिले, मग यज्ञेश्वरांकडे पाहिले. एक नाव तेवढे उच्चारायचे होते. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांचे उच्चार शुद्ध करणारी यज्ञेश्वरांची जिव्हा हलली नाही. त्यांनी दृष्टी खाली वळवली.

"कागद उडाय लागलेत तुमचे, गुरुजी," हिंदुराव मोठ्याने म्हणाले; जणू त्यासाठीच ते उठले होते. सावकाश भिंतीपाशी जाऊन त्यांनी पंख्याचे बटण बंद केले आणि परत येऊन खुर्चीत बसले. "हं, वाचा आता निवांत."

पंखा थांबला. कागद थरथरतच राहिले. यज्ञेश्वरांनी ते दोन्ही हातांनी मेजावर दाबून धरले आणि पुढचा परिच्छेद वाचला.