न दिलेला अंतरा

आतल्या खोलीत बशीवर कप किणकिणला. दुपारची सामसूम होती, भिंगरी माझ्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि तेवढ्याशा आवाजानं मी ताठ झाले. आई उठली होती. उठल्या उठल्या थोडा वेळ तिचं डोकं पुसलेल्या आरशासारखं स्वच्छ असतं. तो वेळ दवडून चालत नाही. मी लेकीचं डोकं अलगद उशीवर ठेवलं आणि खुर्चीत पेंगणाऱ्या तबलेकाकांना हलवलं.

"आज तरी मला चहाला पिटाळू नका म्हणावं," ते कमरेवर हात ठेवून उठत म्हणाले. "त्या अंतऱ्यापायी आयुष्यभर चहा केलाय मी."

ते खोटं नव्हतं.

माझी आई गाणारी. गाण्यावर घर चालवलेली. वडील गेले तेव्हा मी भिंगरीपेक्षाही लहान होते, त्यामुळे जिथे मैफल तिथे मी. तंबोऱ्याच्या भोपळ्याला टेकून झोपायचे, आणि त्याचं गुंजन पाठीतून आत शिरायचं. ऐन उमेदीत तिला फारसं कुणी बोलावलं नाही. एका नावाजलेल्या गवयानं तिला तोंडावर सांगितलं, आवाज फार रुंद आहे, बाईमाणसाला शोभत नाही. आई म्हणाली, "मग तुम्ही अरुंद काढता ते कुणाला शोभावं म्हणून?" पुढे बरीच वर्षं त्या गवयाच्या ओळखीतलं एकही दार तिच्यासाठी उघडलं नाही. अंगावर शाली पडायला लागल्या तेव्हा केस पांढरे झाले होते. "थंडी वाजायच्या वयात बरोबर आल्या बघ," एवढंच म्हणाली.

तिच्या गुरू म्हणजे मोठ्या बाई. त्यांनी उतारवयात एक राग बांधला आणि त्यात एकच बंदिश केली. अट अशी, की बंदिशीची अस्थायी चारचौघांत गायची, पण अंतरा, तो वर चढत जाणारा दुसरा भाग, एकाच शिष्येला द्यायचा. दार लावून, तोंडातून कानात. कागदावर नाही, यंत्रात नाही. त्यामुळे आई मैफलीत अस्थायीवर मनसोक्त रमायची आणि अंतऱ्याच्या उंबऱ्यावरून मागे फिरायची. समीक्षकांनी त्या अपुरेपणावर रकानेच्या रकाने भरले. "लिहू देत गं," आई म्हणायची, "त्यांनाही पोट आहे." घरी ती अंतऱ्याचा रियाझ करायची तेव्हा काकांना स्वयंपाकघरात आणि मला अंगणात धाडायची.

माझी अस्थायी मुरली असं तिला वाटलं तेव्हा मला सातवा महिना लागला होता. "आता दम पुरायचा नाही. मोकळी हो, मग बसू." मी मोकळी झाले. मग दूध, जागरणं, लेकीचे ताप, तिचे दात. आई नातीला पायांवर घेऊन झुलवत म्हणायची, "घाई कसली? मी काय पळून चाललेय?"

आणि पळालीच. आमच्या डोळ्यांदेखत, रोज थोडी थोडी. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते, मग केलेलं जेवण. आता कधी कधी मीसुद्धा. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येत नसतं, आहे ते जपा.

अस्थायी आहे. तिला भूक लागलेली कळत नाही, पण अस्थायी अजून जशीच्या तशी येते. अंतऱ्याशी आली की थबकते. कधी म्हणते, "पुढचं तुला येतंच की." कधी गाते. पण काल गायलेला आज नाही, आजचा उद्या नाही. मोठ्या बाईंची अट मोडून मी ते सगळे फोनमध्ये घेऊन ठेवलेत. एकेक ऐकावा असा, एकेक त्याच रागातला. एखादा तरी बेसूर, रागाबाहेरचा असता तर तो बाजूला काढता आला असता. चुकीचं गाणं तिला येतच नाही, हीच तर पंचाईत.

म्हणून मी एक डाव रचला होता. ती झोपेत असली तरी शिष्याचा चुकलेला सूर तिला सहन व्हायचा नाही, पांघरुणातून ओरडायची. तेव्हा तिच्यासमोर मुद्दाम चुकीचा अंतरा गायचा, रागात नसलेला शुद्ध गंधार त्यात घुसडायचा. ती चिडेल, आणि चिडून खरा गाईल.

"पाप लागेल हो," काका म्हणाले होते.

"लागू दे."

आई पलंगाच्या कडेला बसून बशीतला केव्हाच गार झालेला चहा फुंकत होती. मी तंबोरा छेडला. तिनं लगेच मान वर केली. "जोडी उतरलीये." हात पुढे करून तिनं खुंटी किंचित पिळली आणि दोन्ही तारा एकजीव झाल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. माझंही काळीज सुपाएवढं झालं.

अस्थायी आम्ही दोघी गायलो. तिचा आवाज आता फाटका झालाय, पण समेवर यायची ती ऐट, जणू बाहेरून दमून येऊन कुणी आपल्याच ओट्यावर टेकावं, ती तशीच होती. मग मी एकटीच पुढे गेले. उघड्या डोळ्यांनी तो गंधार लावला. एकदा, दोनदा. माझ्याच अंगावर शहारे आले, दातांखाली खडा यावा तसे. काकांचा ठेका अडखळला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आता ओरडेल. आता.

तिनं बशी खाली ठेवली.

"छान गातेस गं," ती म्हणाली. "कुणाकडे शिकतेस?"

तबला थांबला.

"एका बाईंकडे," मी म्हटलं.

"चांगल्या आहेत का?"

"कडक आहेत."

"असायलाच हवं. त्याशिवाय गळा वळत नाही. रागावतात?"

"आधी खूप रागवायच्या. आता नाही रागवत."

"मग सोड त्यांना," आई अगदी मनापासून म्हणाली. "रागावत नाहीत म्हणजे तुझ्यावरची आशा सोडली असेल त्यांनी."

काकांनी तबल्यावर कापड टाकलं. "मीच जातो चहा करायला," असं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो नळ बराच वेळ वाहत राहिला. चहा काही आला नाही. घरी जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

ऊन कलल्यावर मी धुतलेले कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. भिंगरीचा फ्रॉक झटकत होते, तर आतून लेकीचा आवाज आला. अस्थायी गात होती. त्यात नवल नाही, या घरात भिंतींनाही ती येते. पण भिंगरी थांबली नाही, पुढे गेली. वरच्या षड्जाच्या तोंडाशी पोचली आणि त्याला न शिवताच वळली, उतरून धैवतावर जराशी रेंगाळली, आणि मग हळूच, मागच्या दारानं यावं तशी, षड्जावर आली. फोनमधल्या एकाही अंतऱ्यात हे वळण नव्हतं.

ओला फ्रॉक हातात घेऊनच मी आत धावले. ती आजीच्या पायाशी बाहुलीचे केस विंचरत बसली होती. आई शालीच्या दशा मोजल्यासारखं करत होती.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आजीनं."

"सगळं?"

भिंगरीनं विचार केला. "थोडं आजीनं. थोडं मी."

"कुठलं थोडं आजीनं?"

"आठवत नाही."

"बरं, परत म्हण. तस्सं म्हण हं, सोन्या."

तिनं म्हटलं. वळण आलं, पण या खेपेला जरा आधीच आलं, आणि धैवतावर ती रेंगाळलीच नाही. मी फ्रॉक खांद्यावर टाकून आईसमोर गुडघ्यांवर बसले, तिचे दोन्ही हात धरले. "आई, ऐकलंस? यातला कुठला? पहिला ना? धैवतावर थांबलेला?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग नातीकडे, आणि पाहुण्यांच्या मुलाकडे बघून हसावं तसं गोड हसली. "गुणी आहे हो पोर," म्हणाली. पुन्हा दशांकडे वळली.

फ्रॉकचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. भिंगरीनं बाहुली बाजूला ठेवली आणि माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, चुकलं का माझं?"

मी खांद्यावरचा फ्रॉक खाली घेतला.

"मग बरोबर कसं असतं?"