अर्धं वाक्य सर्दीचं

साहेब, माझ्या मुलीचे डोळे तुम्ही खोटे ठरवलेत, आणि त्यासाठी वापरलात माझा आवाज. हे पहिल्याच वाक्यात लिहिते, कारण तुमची सवय मला ठाऊक आहे. पहिली ओळ वाचायची आणि कागद चहाच्या कपाखाली सारायचा.

हे पत्र इतरही वाचतील, त्या बाकीच्यांना सुरुवातीपासून सांगायला हवं. हे साहेब तारांगणाचे संचालक. ग्रहांवर डॉक्टरेट, भिंतीवर फ्रेम. मी तिथली निवेदिका. घुमटाखाली अंधार झाला की जो आवाज ‘मान मागे टेका, डोळ्यांना सवय होऊ द्या’ म्हणतो, तो माझा. कॉलेजची पायरी मी चढलेली नाही. आकाश मी याच साहेबांकडून शिकले, हे त्यांच्या तोंडावर म्हणते आणि पाठीमागेही. दुपारचे खेळ मी समोर उभी राहून बोलते. सकाळचे खेळ शाळांचे, ते रेकॉर्डिंगवर चालतात. वाक्यं माझीच, पण केव्हा केव्हा येऊन बोलून ठेवलेली.

मग ते गाणं आलं. सलूनमध्ये, लिफ्टमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडलेलं असताना, जिकडेतिकडे तेच.

*सांज झाली, पूर्वेला कोर हळू उगवली,*
*कोरीच्या मांडीवर चांदणी निजली.*

चाल गोड आहे, खोटं कशाला बोलू. माझ्या सासूबाई भाजी निवडताना तेच गुणगुणतात. एकदा मी म्हटलं, “आई, संध्याकाळी दिसणारी कोर उगवत नसते, मावळत असते. सूर्याच्या मागोमाग पश्चिमेला उतरते. आणि तिच्या मांडीवर चांदणी कुठून येणार? तिथे काळोखातला उरलेला चंद्र आहे की. अख्खा गोळा. चांदणी त्याच्यामागे झाकली जाईल.”

“तुला बघायला आलो तेव्हाच मी म्हटलं होतं,” सासूबाई म्हणाल्या, “ही मुलगी जेवायच्या आधी भातातला खडा शोधणार. बरं, पश्चिमेला मावळली म्हण. बसतंय का बघ चालीत.”

म्हणून पाहिलं. बसलंही. पण पुढची चांदणी काही केल्या हलेना, ती मांडीवरच निजलेली. दोघी हसलो आणि मी कुकर लावला.

गाण्याशी माझं भांडण नाही. गाण्यात पतंग प्रेमापोटी दिव्यावर जीव देतो, सूर्य समुद्रात बुडून विझतो, आणि कुठला कोण लांबचा तारा, प्रेयसीनं पापणी मिटली की त्याच क्षणी मिटतो. मिटू दे बापड्याला. गाणं लिहिणाऱ्यानं कुणाला शिकवायचा मक्ता घेतलेला नाही. तो तुम्ही घेतलाय. तुमच्या दारावर लिहिलंय तसं.

तर तुम्ही त्या गाण्यावर शाळांसाठी खेळ बसवायचं ठरवलंत. तुमच्या खोलीत आम्ही तिघे होतो. तुम्ही, मी आणि ऑपरेटरदादा, जो घुमटाच्या मधलं, आकाश दाखवणारं यंत्र चालवतो. दादा आदल्या दिवशीपासून त्या यंत्राशी झुंजत होता.

“ऐकत नाही, साहेब,” तो म्हणाला. “कुठलीही तारीख लावा, सांजेला कोर पूर्वेला येतच नाही. ओढून आणली की गोल होते.”

“मग वेगळी स्लाइड लावा वरून.”

“लावतो की. पण मग यंत्र कशाला पाहिजे? घरची चादर आणतो, तिच्यावर लावू.”

तुम्ही हसलात. मला वाटलं, आता थांबाल. कारण तुम्हाला माहीत होतं, साहेब. मला ते तुम्हीच शिकवलंत, एका हातात संत्रं आणि दुसऱ्या हातात टॉर्च धरून. पण तुम्ही निवेदनाचा कागद माझ्यापुढे केलात. त्यावर लिहिलं होतं: ‘कोवळी चंद्रकोर सांज होताच पूर्वेला उगवते.’

“हे मी बोलणार नाही,” मी म्हटलं.

“अहो बाई, गाण्यातच आहे ते. आपण थोडंच म्हणतोय?”

“गाणं वाजू दे. मी उठून नाचेन हवं तर. पण हे निवेदन आहे. मुलं माझा आवाज आला की पेन काढतात.”

“लोकांना जे आधीच आवडतं ते दाखवलं की लोक येतात. घुमट रिकामा ठेवून खरं बोलायचंय का तुम्हाला?”

“रिकामा कशानं राहील? गाण्यात काय चुकलं ते दाखवू. त्याचाच खेळ करू. पोरं उड्या मारतील.”

“वर्गणी काढून बांधलेली संस्था आहे ही, गाण्यांचं पोस्टमॉर्टेम करायचं केंद्र नव्हे,” तुम्ही म्हणालात. मग मान हलवून म्हणालात, “बरं, राहू दे.”

राहू दे म्हणजे राहिलं, असं मी धरून चालले. दुपारच्या खेळांत ते वाक्य नव्हतं. सकाळी मी कामावर नसते.

आता माझी लेक. तिला घरात टिटवी म्हणतात, कारण झोपायच्या वेळी तिचा आवाज चढतो आणि प्रश्न संपत नाहीत. आमच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसते. टिटवीनं कुणी न सांगता एक उद्योग सुरू केला. कोर दिसायला लागली की ती टाकीच्या कुठे आहे ते बघायचं. बाबांना हाक मारायची, “बाबा, आली, टाकीच्या वर आहे!” मग थोड्या वेळानं, “आता टाकीला टेकली!” मग “गेली!” तिचे बाबा बेकरीत पहाटेच्या पाळीला जातात, त्यांना लवकर झोपायचं असतं. ते चादरीतून ओरडतात, “गेली तर जाऊ दे, मलाही जाऊ दे.” दुसऱ्या दिवशी कोर आणखी जाड आणि टाकीपासून आणखी उंच. हे तिनं स्वतः शोधलं. मी मुद्दाम काही सांगितलं नाही. तिचं तिला सापडत होतं.

तिच्या वर्गाची सहल तुमच्याकडे सकाळच्या खेळाला आली. घरी आल्यावर टिटवी गप्प होती. मी म्हटलं, बसमध्ये मळमळलं असेल. मग शाळेत चाचणी झाली. प्रश्न होता, संध्याकाळची चंद्रकोर कुठे दिसते आणि पुढे काय होतं. हिनं लिहिलं, ‘पश्चिमेला दिसते आणि मावळते. मी पाहिलं आहे.’ बाईंनी लाल फुली मारली. शेजारी लिहिलं, ‘तारांगणात काय दाखवलं ते आठव.’ आणि वर्गात हसून म्हणाल्या, “अगं, निदान आईचं तरी ऐकायचं!” सगळा वर्ग हसला.

यातलं मला काहीच कळलं नव्हतं. कळलं ते असं, की टिटवीनं बाबांच्या कानाशी लागून सांगितलं, मला चष्मा लागलाय, आईला सांगू नका. बाबांनी नेलं तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डॉक्टरांनी सगळ्यात खालची बारीक ओळ वाचायला लावली. तिनं ती वाचली, आणि तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, “हिला चष्मा नको, हिच्याकडे मी माझा देतो दुरुस्तीला.” बाबा हसले. टिटवी रडायला लागली.

त्या रात्री ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी पोळ्या करत होते.

“डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत.”

“कुणाचे? काय झालंय काय?”

“मग तू खोटं बोललीस,” ती म्हणाली. “आणि सगळ्यांसमोर बोललीस.”

पोळी जळाली. सगळं ऐकून घेतल्यावर मी म्हटलं, “मी असं बोललेच नाही.”

“मी ऐकलं ना. तुझाच आवाज होता.”

दुसऱ्या दिवशी मी शाळांच्या खेळाला मागच्या रांगेत जाऊन बसले. अंधार झाला, गाणं वाजलं, पूर्वेला स्लाइडमधली कोर वर आली, तिच्या पोटात चांदणी चिकटवलेली. आणि माझा आवाज म्हणाला, ‘कोवळी चंद्रकोर सांज होताच पूर्वेला उगवते.’

माझा मला आवाज कळणार नाही का, साहेब? ‘कोवळी चंद्रकोर’ स्वच्छ आहे. पुढचं अर्धं वाक्य नाकातून आलंय. ते रोहिणी ताऱ्याचं वाक्य. ‘रोहिणी हिवाळ्यात सांज होताच पूर्वेला उगवते.’ ते बोलताना मला सर्दी झाली होती, मी म्हटलंही होतं, परत घेऊया. तुम्ही म्हणालात, चालतंय, कुणाच्या लक्षात येणार आहे. रोहिणीबद्दल ते वाक्य खरं होतं. तुम्ही त्याचं मुंडकं उडवून दुसरं बसवलंत. आसपास मुलं भराभर लिहीत होती.

खेळ संपल्यावर ऑपरेटरदादा माझ्याकडे बघेना. “मी फक्त बटण दाबतो, ताई,” म्हणाला. “कापाकापी वर झाली.”

वर गेले. तुम्ही खुर्ची दिलीत, पाणी दिलंत. नाकारलंही नाहीत काही.

“तुमचा आवाज संस्थेचा आहे, बाई. रेकॉर्डिंग संस्थेचं.”

“आवाज घ्या. त्यातून मी न बोललेलं कसं काय घेता?”

“एका वाक्यानं कुणाचं काय बिघडलं?”

मी टिटवीचं सांगितलं. तुम्ही ऐकलंत. मिनिटभर तुमचा चेहराही उतरला, ते मी पाहिलं. मग म्हणालात, “मुलं विसरतात हो. तुम्ही आई म्हणून जरा जास्त मनाला लावून घेताय. घरी समजावून सांगा तिला.”

सांगितलं की. घरी जाऊन तिला समोर बसवलं आणि सांगितलं, ते वाक्य मी बोलले नव्हते, माझी दोन वाक्यं कापून जोडली. तिनं नीट ऐकलं. मग विचारलं, “असा आवाज कापता येतो?”

“येतो.”

“मग आधीची तुझी वाक्यं? गुरूचे चंद्र, धूमकेतूचं शेपूट? त्यातली कुठली कापलेली आहेत?”

सकाळच्या खेळांत तुम्ही आणखी काय काय जोडलंय, मला काय माहीत?

“चल गॅलरीत,” मी म्हटलं. “आज कोर असेल. दोघी बघू.”

“मला दिसते गं,” ती म्हणाली. “मला आधीपासून दिसतेच आहे. पण फुली मिळते.”

आणि तिनं गॅलरीचा पडदा ओढला. आता ती संध्याकाळी पडदा ओढून गृहपाठ करते, दिलेलं उत्तर दिलेल्या जागी लिहिते. बाबा पडल्या पडल्या विचारतात, “काय गं, आज आली का?” ती म्हणते, “माहीत नाही.” सासूबाईंनी ते गाणं म्हणायचं सोडलंय. मी सोडायला सांगितलं नव्हतं.

मी शाळेत जाऊन बाईंना भेटले. चांगल्या आहेत त्या, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्ही आई आहात, तुम्ही तिची बाजू घेणारच. मी वर्गाला काय सांगू? तारांगणानं चूक केली, असं तारांगणानं म्हणू दे. संचालक म्हणाले तर त्याच दिवशी फुली खोडते, सगळ्यांसमोर.”

म्हणजे गाडी परत तुमच्या दारात येऊन उभी राहिली, साहेब.

तर ऐका. बाई तो वर्ग येत्या शनिवारी पुन्हा आणणार आहेत, दुपारच्या खेळाला. दुपारचा खेळ म्हणजे मी समोर असेन. पण त्या दिवशी मी बोलणार नाही, दादा यंत्राजवळ थांबेल आणि माइक तुमच्यासाठी मोकळा असेल. मला कामावरून काढायचं असेल तर शुक्रवारी काढा, म्हणजे शनिवारी मी पालक म्हणून येईन. टिटवी यायला तयार नाही. मी तिला ओढून आणणार आहे, एवढी जबरदस्ती मी करणार.

ती तिथे बसेल आणि गप्प राहील, कारण विचारून काय मिळतं ते तिला कळलंय. म्हणून तिच्या वतीनं मीच विचारते. त्या पोरीनं टाकीवर टेकताना जी कोर पाहिली, ती खरी की तुमची? एकच शब्द पुरे. तुम्ही स्वतः, उभं राहून, त्या सगळ्या मुलांना ऐकू जाईल असा. बोलणार आहात की नाही?