केस्तीचं डोकं

"अगं, किती लाल उठलंय! वारा भरलाय नुसता अंगात," शेजारच्या बू दार्मी, म्हणजे दार्मीबाई, केस्तीच्या पाठीवर तेल चोळून तो बाहेर काढायला नाण्याच्या कडेने ओरखडे ओढत म्हणाल्या. केस्ती पालथी पडून होती. पाठीची आग होत होती, पण डोक्यातले ठणके थांबत नव्हते.

इंडोनेशियातल्या सेमारांग शहरात शर्टांच्या कारखान्यात ती कॉलर शिवायची, लग्नाआधीपासून. सकाळी भात खाल्ला की डोकेदुखीची एक पुडी, दुपारी दुसरी. कारखान्यातल्या निम्म्या बायकांच्या जिभेवर तीच कडू चव असायची. हल्ली तिला संध्याकाळीही पुडी लागायची.

शेवटी नवरा, पार्योनो, तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीण तरुण होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"रोज घेता?"

"घेतल्याशिवाय मशीनवर बसवत नाही."

"आता ती पुडीच डोकं दुखवतेय, ताई. तिचा असर उतरला की दुखतं, दुखलं की तुम्ही परत घेता. बंद करा. आधी जास्त दुखेल, उलट्या होतील. काही दिवस घरी पडून कळ काढायची. मग उतरेल."

"घरी पडून?" केस्तीला हसू आलं.

डॉक्टरीण हसली नाही. "रजा मिळते का बघा," ती हळूच म्हणाली. "आणि शनिवारी येऊन दाखवून जात जा."

रजा मिळाली नाही. तरी केस्तीने पुड्या बंद केल्या. हे दुखणं जाऊ शकतं, असं तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. कारखान्यातल्या ट्यूबलाइटांचा उजेड डोळ्यांत खुपायला लागला. ती मोरीत जाऊन ओकायची आणि चूळ भरून परत मशीनवर बसायची.

"घे की एक. मरशील अशानं," बाजूची लास्त्री कुजबुजायची.

"उतरेल गं."

आणि एका सकाळी खरंच उतरलं. केस्तीने नवऱ्याला हलवून उठवलं. "अहो, दुखत नाहीये!" पार्योनोने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, जणू तापच होता. मग दोघंही हसत सुटली.

त्याच दिवशी तिने आधी शिवलेल्या कॉलरींचे गठ्ठे तपासणीतून परत आले.

"कॉलरी उलट्या लावल्यास, केस्ती," मुकादमीण म्हणाली. "इतक्या वर्षांत कधी असं केलं नाहीस."

"डोकं दुखत होतं. आता बरं आहे, बू. खरंच बरं आहे."

"मी समजून घेईन गं. वरचे घेतील का? आजपासून इस्त्रीवर जा."

केस्तीच्या मशीनवर दुसरी बसली. इस्त्रीखान्यात दिवसभर उभं राहायचं, समोरून वाफ यायची. दुपारपर्यंत कानशिलं उडायला लागली. दोन दिवस तिने दात आवळून काढले. तिसऱ्या दिवशी लास्त्रीने मुकाट्याने तिच्या हातावर पुडी ठेवली आणि केस्तीने ती जिभेवर उपडी केली.

शनिवारी पार्योनोने मोटरसायकल दारात आणली. "चल. आज दाखवायला बोलावलंय ना?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "जाऊन काय सांगू तिला?"

"सांग ना... पुन्हा बंद करते म्हणून."

"आणि इस्त्री तुम्ही कराल?"

तो उंबऱ्यातून मागे फिरला. मग त्याने मोटरसायकल सावलीत लावली, दोरीवरचा लुंगीसारखा सारोंग काढून खिडकीवर अडकवला. खोलीत अंधार झाला. छपराखालच्या पिंजऱ्यात त्याचा लाडका कवडा पक्षी घुमत होता. त्याने पिंजरा अलगद उतरवला आणि गल्लीच्या पार टोकाला, तिला आवाज ऐकू जाणार नाही इतक्या लांब, तो मांडीवर घेऊन बसून राहिला.